मांडवातल्या व्हीसीआरपासून मोबाईलच्या ग्रुपपर्यंत

गणपतीच्या दहा दिवसांत एक रात्र व्हीसीआरची असायची. पांढुर्णा-सौंसरकडच्या आमच्या वयाच्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. वर्गणीतले पैसे काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे, नागपूरहून कॅसेटी मागवायच्या आणि आरती आटोपली की पहाटेपर्यंत तीन सिनेमे. 'माहेरची साडी' 1991 साली आला. आम्ही तो थिएटरात पाहिलाच नाही, मांडवात सतरंजीवर बसून पाहिला. पुढे बसलेल्या आयाबाया पदराने डोळे पुसत होत्या आणि मागे कार्यकर्ते कॅसेट अडकू नये म्हणून देवाला हात जोडत होते. ती कॅसेट कुणी भरली, ती चारचौघांत दाखवायचा हक्क आपल्याला आहे का, हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही.

कायदा मात्र तेव्हाच जागा झालेला होता. 1957 च्या प्रताधिकार कायद्यात नक्कल करणाऱ्याला जास्तीत जास्त एक वर्षाची कैद होती. व्हिडिओ कॅसेटींचा सुळसुळाट झाला तशी 1984 साली त्यात दुरुस्ती झाली आणि 8 ऑक्टोबर 1984 पासून शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे, दंड पन्नास हजार ते दोन लाख रुपये असा झाला. पोलिस उपनिरीक्षकाला वॉरंटशिवाय नकली प्रती आणि त्या बनवण्याची साधने जप्त करण्याचा अधिकारही तेव्हाच मिळाला. म्हणजे आमच्या मांडवात रात्रभर चालणाऱ्या सिनेमावर थान्यातला साहेब मनात आणता तर चालून येऊ शकला असता. तो येत असे, पण शेवटच्या रांगेत बसून सिनेमा पाहायला.

आपल्या भागात ही सवय इतकी मुरली त्याला एक जुने कारण आहे. भोसल्यांच्या अमलापासून आपली घरे या मातीत आहेत. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्ये नव्याने आखली गेली. विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर आपले तालुकेही. बोली तीच, सोयरिकी तिकडच्याच, पण शाळेचे पुस्तक हिंदी झाले. मराठी पुस्तक घ्यायचे तर सीताबर्डी गाठायची, मराठी सिनेमा लागला तर नशीब. अशा मुलखात मराठी टिकली ती हातोहात दिल्याघेतल्याने. भजनाच्या वह्या एकमेकींकडून उतरवून घेतलेल्या, नाटकाची संहिता कार्बन लावून लिहिलेली, दिवाळी अंकाची एक प्रत आळीतल्या सात घरांत फिरलेली. पोथीची नक्कल करणे तर पुण्याचे काम मानले जाई. (याला अपवाद शेजारच्याच रिद्धपूरच्या महानुभावांचा. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, म्हणजे पोथी हाती पडली तरी परक्याला वाचता येऊ नये. आजच्या भाषेत त्यांनी फाइलला पासवर्ड लावला होता.)

अंक सात घरांत फिरला त्यात गुन्हा नव्हता, आजही नाही. एकच विकत घेतलेली प्रत हातोहात जाते, तिच्या सात प्रती होत नाहीत. मोबाईलने हा फरक पुसून टाकला. आता 'देणे' म्हणजेच नवी प्रत करणे, आणि एका बोटाने दोनशे प्रती.

मधला टप्पा मेमरी कार्डचा. बसस्टँडजवळच्या मोबाईल दुकानात वीस-तीस रुपयांत 'कार्ड भरून' मिळत असे: दीडशे गाणी, चार सिनेमे, वर एक-दोन कीर्तने. 29 एप्रिल 2016 ला 'सैराट' आला आणि तो थिएटरात धो धो चालत असतानाच त्याच्या चोरट्या प्रती मोबाईलवर फिरू लागल्या. खोटे कशाला बोला, आमच्या कचेरीतही ती प्रत ब्लूटूथने या टेबलावरून त्या टेबलावर गेली होती. त्याच वर्षी बंद केलेल्या संकेतस्थळांवर एक पाटी झळकायला लागली, की इथले काही पाहिले तरी तीन वर्षे कैद आणि तीन लाख दंड. पुष्कळ लोक घाबरले. त्या पाटीमागे 'ढिशूम' सिनेमाच्या प्रकरणातला मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश होता. पण पुढे त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की नुसते पाहणे हा गुन्हा नव्हे. गुन्हा आहे जाणूनबुजून प्रत करून वाटण्यात, दाखवण्यात, विकण्यात. पकडले जाण्याची भीती बघ्याला कमी, वाटणाऱ्याला जास्त, हे तेव्हापासून कायम आहे. आणि आपल्या घराघरांत वाटणारेच जास्त! सकाळी सहाला 'शुभ प्रभात' आणि लगेच तीनशे पानांची कादंबरी.

टाळेबंदीत हे फार वाढले. पेपर घरी येणे बंद झाले, तेव्हा रोजच्या अंकाची पीडीएफ ग्रुपवर यायची. वृत्तपत्रांच्या संघटनेने इशारा दिला, की हे बेकायदेशीर आहे आणि ग्रुपच्या अॅडमिनवरही कारवाई होऊ शकते. 29 मे 2020 ला दिल्ली उच्च न्यायालयाने जागरण समूहाच्या दाव्यात टेलिग्रामला ती चॅनेले काढायला आणि चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितले. दोन वर्षांनी, 30 ऑगस्ट 2022 ला, स्पर्धा परीक्षांच्या एका शिक्षिकेच्या दाव्यात तेच न्यायालय आणखी पुढे गेले. आपला सर्व्हर सिंगापुरात आहे, तिथला कायदा नावे सांगू देत नाही, हे टेलिग्रामचे म्हणणे ऐकले गेले नाही आणि कंपनीला अॅडमिनची नावे, फोन नंबर, आयपी पत्ते न्यायालयात द्यावे लागले. क्लासच्या नोट्स आणि व्हिडिओ वाटणारी ही मुले होती. आपल्याकडे एमपीपीएससी आणि एमपीएससी दोन्हींची तयारी करणारी पोरे घरटी एक आहेत. टोपणनावाने चॅनेल काढले की कुणाला कळणार नाही, ही त्यांची समजूत त्या दिवशी संपायला हवी होती.

अॅडमिनच्या बाबतीत नागपूर खंडपीठाचा मार्च 2021 चा निकाल आपल्याला जवळचा आहे. ते प्रकरण प्रताधिकाराचे नव्हते, ग्रुपवरच्या आक्षेपार्ह मजकुराचे होते. न्यायालय म्हणाले, की दुसऱ्या सदस्याने काही टाकले म्हणून केवळ अॅडमिन आहे यासाठी त्याला गुन्हेगार धरता येणार नाही, दोघांचा हेतू एक असल्याचे दिसले पाहिजे. हा दिलासा आहे खरा. पण 'पुस्तके मोफत' असे नाव देऊन जो अॅडमिन ग्रुप काढतो, त्याचा हेतू त्याने स्वतःच पाटीवर लिहून ठेवलेला असतो.

आता मुद्द्याची गोष्ट, कारण हा अंक वाचणाऱ्यांत आमच्यासारखे शासकीय सेवक पुष्कळ आहेत. आम्ही डिप्लोमा करून उपयंत्री झालेली माणसे, वकील नव्हे, पण सेवानियम मात्र पाठ आहेत. 20 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रताधिकार कायद्याच्या कलम 63 खालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असे नव्हे, तो थान्यात हक्काने मागता येत नाही, न्यायालयात जावे लागते. इकडे आपल्या राज्याच्या 1966 च्या सिव्हिल सेवा नियमांत आहे, की कर्मचारी अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडीत राहिला तर तो निलंबित झाला असेच मानले जाते. शनिवारी उचलले आणि सोमवारी जामीन झाला, तरी हिशेब चुकतो. अर्थात सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 सालीच बजावले आहे, आणि नफ्यासाठी केले नसेल तर कारणे नोंदवून शिक्षा कमी करण्याची मुभा कलम 63 मध्येच आहे. बहुतेक प्रकरणे नोटिशीवरच निभावतात. पण गुन्हा नोंदला गेला की नव्या नोकरीचे चारित्र्य पडताळणीचे कागद, पासपोर्ट, सगळीकडे तो रकाना भरावा लागतो. वीस-बावीस वर्षांच्या पोराला दंडापेक्षा हाच रकाना जड जातो.

परदेशी गेलेल्या मुलांचा मामला निराळा. तिथे पोलिस येत नाहीत, पत्र येते. आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा जर्मनीत शिकायला गेला. इथल्या सवयीने टोरेंटवरून एक इंग्रजी सिनेमा उतरवला आणि दीड-दोन महिन्यांनी वकिलाचे पत्र हाती पडले: नऊशेहून अधिक युरो भरा आणि पुन्हा करणार नाही असे लिहून द्या. त्याला कळेना, आपण तर फक्त घेतले, दिले कुठे? टोरेंटची मेख तिथेच आहे. फाइल उतरत असतानाच तिचे उतरलेले तुकडे आपल्या संगणकातून दुसऱ्यांना जात राहतात आणि आपला आयपी पत्ता सगळ्यांना दिसतो. हक्कदाराची माणसे तो टिपून ठेवतात, न्यायालयामार्फत इंटरनेट कंपनीकडून नाव काढतात. वडिलांनी संत्र्याच्या पैशातून ती रक्कम पाठवली, कुणाला न सांगता. अमेरिकेत याहून मोठे आकडे झाले आहेत. मिनेसोटातल्या एका बाईवर चोवीस गाण्यांसाठी 2,22,000 डॉलर बसले, गाण्यामागे 9,250.

आमच्यापर्यंत हे प्रकरण आले ते दोन वर्षांपूर्वी. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी एका चालू दिवाळी अंकाची पीडीएफ टाकली होती. आम्हीच ती पुढे तीन ग्रुपांवर पाठवली. चौथ्या दिवशी त्या अंकाच्या संपादकांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. ते एवढेच म्हणाले, "साहेब, लेखकांचे मानधन अजून द्यायचे आहे, अंक विकला गेला नाही तर कुठून देऊ?" कायद्याचे नावही त्यांनी काढले नाही. आम्ही माफी मागितली, सगळीकडून फाइल काढायला लावली, पाच अंक मनीऑर्डरच्या जमान्यासारखे आगाऊ पैसे पाठवून मागवले. तरी ती फाइल आजही कुठेतरी फिरत असेल.

त्यानंतर मंडळात बसून हिशेब केला, काय वाटता येते आणि काय नाही. लेखक गेल्यावर साठ वर्षे हक्क राहतो. आधी तो पन्नास होता. 1941 साली गेलेल्या रवींद्रनाथांचे साहित्य 1991 अखेर मोकळे होणार म्हणून दहा वर्षे वाढवली गेली. त्या हिशेबाने आपल्या सौंसरच्या वाटेवर सावनेरला 23 जानेवारी 1919 रोजी गेलेले राम गणेश गडकरी केव्हाच मोकळे झाले. साने गुरुजी 2011 पासून, बाबासाहेबांनी हयातीत छापलेले ग्रंथ 2017 पासून. पुलं मात्र 2060 अखेरपर्यंत नाहीत, आणि ग्रुपवर सर्वांत जास्त फिरतात तेच!

मांडवातल्या कार्यक्रमांचेही पाहिले. धार्मिक विधीत गाणे वाजवणे, हौशी मंडळाने बिनतिकीट नाटक करणे याला कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे. ते नाटक चित्रित करून यूट्यूबवर चढवले की ती सूट सोबत येत नाही. गेल्या वर्षी आपल्या आरतीच्या थेट प्रक्षेपणाचा आवाज मध्येच गेला आणि पुण्याहून पाहणाऱ्या सुनांचे फोन खणाणले, ते यामुळेच. मागे ध्वनिफीत लावली होती, तिच्या मालक कंपनीचा दावा आला. यंदा पेटी, तबला आणि आपलेच गळे.

राहिली ग्रामगीता. तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला गेले, म्हणजे 31 डिसेंबर 2028 पर्यंत हक्क आहे. ग्रुपवरची तिची स्कॅन केलेली फाइल काढली तेव्हा जुन्या मंडळींना वाईट वाटले. एक आजोबा तर रागाने ग्रुप सोडून गेले. मग मोझरीहून दहा छापील प्रती मागवल्या आणि पहिली त्यांच्या घरी नेऊन दिली. उरलेल्या नऊ मंडळाच्या कपाटात आहेत, किल्ली कोषाध्यक्षांकडे.