तळटीप : निरोगी करण्याचे कृपादान
पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात (१२:८-१०) पवित्र आत्म्याची नऊ कृपादाने येतात. त्यांतले हे एक. फेब्रुवारी १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ड्युकेन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या साधना-शिबिरातून कॅथलिक करिश्माई चळवळ उभी राहिली आणि प्रार्थनासभांत या दानाला पुन्हा जागा मिळाली. येथे अभिप्रेत आहे ती प्रापंचिकांनी आजाऱ्यावर हात ठेवून केलेली प्रार्थना. रुग्णाभ्यंग वेगळा, तो संस्कार आहे आणि तो देण्याचा अधिकार धर्मगुरू व बिशप यांनाच आहे. व्हॅटिकनने १४ सप्टेंबर २००० रोजी कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीने काढलेल्या सूचनापत्रात उन्माद, नाटकीपणा व सनसनाटी टाळायला सांगितले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हे दान एखाद्या गटाकडे, अगदी सभेच्या चालकांकडेही, असतेच असे धरून चालणे त्यात चूक ठरवले आहे. बरे न झालेल्याच्या माथी ‘श्रद्धा कमी पडली’ असा दोष मारणे निव्वळ क्रौर्य आहे, आणि त्याला शास्त्राचा आधारही नाही. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले (१ तीमथ्य ५:२३). त्रफिमाला तर त्याने मिलेतात आजारीच ठेवून पुढचा प्रवास केला (२ तीमथ्य ४:२०). – संपादक