कलाल कीं कुलाल ? : बीडकडील कुलवृत्तांतांचा एक वाचनप्रश्न

कुलवृत्तांत लिहिणारास वतनाचा कागद हा मोठा आधार. देशमुख-पाटलांच्या सनदा असतात. बलुतेदारांचे तंटे गोतसभेपुढें येऊन त्यांच्याही पिढ्या महजरांत उतरतात. कलालाचें तसें नाहीं. बारा बलुत्यांत त्याची गणना नाहीं. त्याचें नांव येतें तें बहुधा सरकारी कराच्या ओघांत. यास्तव बीड जिल्ह्यांतील कलाल घराण्यांचा शोध घेणारानें कागद कसे वाचावे, याचा येथें विचार करूं.

प्रथम धंद्याचें स्वरूप. धान्यांतील पिठाची साखर झाल्यावांचून मद्य होत नाहीं. म्हणून युरोपांत यव भिजवून, मोड आणून वाळविणारांचा निराळा वर्ग झाला. मोहाच्या फुलांत साखर सिद्धच असते, व शिंदीचा रस आपोआप आंबतो. त्यामुळें आपल्याकडे मोड आणण्याचा असा निराळा धंदा रुजला नाहीं. फुलें आंबविणें व भट्टी लावणें हीं दोन्ही कामें कलालाचींच राहिलीं. 'कलाल' हें नांव संस्कृत 'कल्यपाल' शब्दापासून आलेलें असून बाराव्या शतकांतील कल्हणाच्या राजतरंगिणींत कल्यपालाचा उल्लेख आहे.

खरी अडचण लिपीची आहे. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. तेथील दफ्तराची भाषा आधीं फारसी व १८८४ च्या सुमारास उर्दू झाली. त्या लिपींत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहींत. काफ, लाम, अलिफ, लाम हीं चार अक्षरें 'कलाल' अशींही वाचतां येतात आणि 'कुलाल', म्हणजे कुंभार, अशींही. शेजारीं 'भट्टी' शब्द दिसला म्हणून निर्णय होत नाहीं, भट्टी दोघांचीही. मोह, शिंदी, आबकारी यांचा संबंध असेल तर कलाल. बलुत्याचा असेल तर कुंभार. त्याच गांवचा मोडी कागद मिळाल्यास उत्तम. मोडींत उकार लिहितात.

दुसरी सावधगिरी गुत्त्याची. आबकारीचा गुत्ता घेणारा कलालच असेल असें नाहीं. तेव्हां केवळ गुत्तेदाराचें नांव सांपडलें म्हणून तो पूर्वज ठरवूं नये. फसली सनांत ५९० किंवा, महिन्याप्रमाणें, ५९१ मिळवून इसवी सन काढावा. त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचें, बापाचें व आज्याचें नांव येतें. तिच्याशीं सरकारी नोंद ताडून पाहावी.

हा केवळ पांडित्याचा विषय नव्हे. २०२३ मध्यें नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीनें मराठवाड्यांतील निजामकालीन कागद कुणबी नोंदींसाठीं तपासले. जातिवाचक एका शब्दाच्या वाचनावर जिवंत माणसांचे हक्क अवलंबून असतात, हें त्यावरून स्पष्ट आहे. शिवाय १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामांत शिंदीचीं झाडें तोडणें हा सत्याग्रहाचा एक प्रकार होता; अशा धंद्याशीं आपलें नातें सांगण्यास वंशजांस संकोच वाटणें स्वाभाविक आहे. तथापि संकोचानें कलालाचा कुलाल करणें आणि अज्ञानानें कुलालाचा कलाल करणें, हे दोन्ही दोष आम्हीं सारखेच मानतों. पूर्वजांचा धंदा कागद सांगेल तोच लिहावा.