मुंबईतील सिंथेसायझर संगीत

मुंबईतील सिंथेसायझर संगीत हे इ.स. १९८० च्या दशकात डिस्कोच्या लाटेतून पुढे आलेले, इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर आधारलेले संगीत होय. चरणजित सिंग यांची १९८२ सालची ध्वनिमुद्रिका हा त्यातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

पार्श्वभूमी

केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी १९७० च्या दशकातच सिंथेसायझर हिंदी चित्रपटसंगीतात आणला होता. पुढे ‘कुर्बानी’ (१९८०) या चित्रपटातील बिद्दू यांनी स्वरबद्ध केलेले व नाझिया हसन यांनी गायलेले ‘आप जैसा कोई’ हे गीत, तसेच ‘डिस्को डान्सर’ला (१९८२) बप्पी लाहिरी यांनी दिलेले संगीत यांमुळे डिस्कोचा ठेका घरोघरी पोहोचला. या गीतांत सिंथेसायझरचे स्थान प्रामुख्याने साथीचे होते.

रागसंगीताचा प्रयोग

चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या ध्वनिमुद्रिकेत या वाद्याला प्रमुख स्थान दिले. तीत भैरव, ललत, भूपाळी, यमन, मालकंस आदी दहा राग आहेत. रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर ती वाजवली गेली: ठेक्यासाठी टीआर-८०८, खर्जातील आवर्तनांसाठी टीबी-३०३ आणि रागाच्या सुरावटीसाठी ज्युपिटर-८. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय असल्याने मींडेचा आभास निर्माण करता येई.

पुनर्शोध

ही ध्वनिमुद्रिका त्या काळी फारशी खपली नाही. २०१० मध्ये तिचे पुनर्प्रकाशन झाल्यावर जगभरातील श्रोत्यांना तिच्यात ‘ॲसिड हाउस’ या शैलीशी साम्य आढळले. अमेरिकेतील शिकागो शहरात उदयास आलेल्या या शैलीची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही आरंभीची प्रसिद्ध रचना १९८७ सालची, म्हणजे पाच वर्षांनंतरची आहे. दोहोंतील थेट संबंधाचा पुरावा नाही. साम्याचे मूळ टीबी-३०३ च्या समान वापरात आहे. उतारवयात सिंग यांनी परदेशांतही ही रचना सादर केली. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

परिणाम

पुढे सिंथेसायझर व संगणकाच्या साहाय्याने अनेक वाद्यांचे काम एकच वादक करू लागला. त्यामुळे ध्वनिमुद्रणाचा खर्च घटला. परंतु व्हायोलिनवादकांसह मोठ्या वाद्यवृंदावर उपजीविका करणाऱ्या अनेक कलावंतांचे काम हिरावले गेले. सिंग स्वतः याच वाद्यवृंदांतून पुढे आले होते.