वाऱ्याची वीज आणि सरकारचा हात

नव्या यंत्राच्या पाठीशीं सरकारनें उभें राहावयाचें तें कसें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. तिजोरी उघडली कीं शोध लागतो, अशी एक समजूत आहे. ती कितपत खरी, हें धूर न ओकतां वीज देणाऱ्या पवनचक्कीच्या इतिहासावरून चांगलें कळतें.

डेन्मार्कांत पॉल ला कूर नांवाचा एक अध्यापक होऊन गेला. आस्कोव येथील लोकशाळेंत शिकवीत असतां त्यानें १८९१ सालीं सरकारी मदतीनें पवनचक्की उभारली व वाऱ्यापासून वीज काढली. वारा पडला तर काय, ही अडचण होतीच. त्यावर त्यानें विजेनें पाण्याचें पृथक्करण करून हायड्रोजन वायु सांठविला आणि त्यावर शाळेचे दिवे लावले! त्याचा शिष्य योहानेस यूल यानें १९५७ सालीं गेडसर येथें २०० किलोवॅटची, तीन पात्यांची चक्की बांधली. साधी, भक्कम अशी ती दहा वर्षें चालली. पण त्या काळांत खनिज तेल स्वस्त होतें, आणि १९६७ सालीं ती बंद झाली.

१९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, तेव्हां सर्वांनाच वाऱ्याची आठवण झाली. अमेरिकेंत हें काम नासा या अंतराळसंस्थेकडे गेलें. जर्मनींत मोठमोठ्या कारखान्यांकडे. जर्मनीनें १९८३ सालीं ‘ग्रोविआन’ नांवाचें धूड उभें केलें. शक्ति ३,००० किलोवॅट, चक्राचा व्यास १०० मीटर! मधल्या पायऱ्या गाळून एकदम शिखर गांठण्याचा तो प्रयत्न. यंत्राला तडे गेले. सारें मिळून सुमारें ४२० तासच तें चाललें आणि १९८८ सालीं मोडण्यांत आलें. विद्वान इंजिनियर कमी नव्हते आणि पैसाही कमी नव्हता. चालत्या यंत्राची खोड ओळखून तें सुधारण्याची संधि मात्र कोणास मिळाली नाहीं.

डॅनिश सरकारासही मोठ्या यंत्राचा मोह सुटला नव्हता. निबे येथें ६३० किलोवॅटच्या दोन चक्क्या त्यानें बांधविल्याच. परंतु खरें काम दुसरीकडे चाललें होतें. रीसागर नांवाच्या एका सुतारानें यूलची रचना समोर ठेवून २२ किलोवॅटची लहान चक्की केली. शेतीचीं अवजारें करणारे कारखानदारही या धंद्यांत शिरले. १९७८ सालीं रिसो येथें सरकारनें एक परीक्षाकेंद्र काढलें आणि १९७९ पासून चक्की विकत घेणारास किंमतीच्या ३० टक्के मदत देऊं केली. अट एकच: यंत्र रिसोच्या परीक्षेंत उतरलेलें असावें.

या अटींत मोठी मेख आहे. पैसा गेला घेणाराच्या हातीं, करणाराच्या नव्हे. शेतकऱ्याला चालणारें यंत्र हवें. तें बंद पडलें तर तो गप्प बसणार नाहीं. आणि परीक्षकांनीं दाखविलेला दोष पुढच्या यंत्रांत राहूं देणें कारखानदारास परवडणार नाहीं. २२ किलोवॅटवरून ५५, मग त्याहून मोठीं, अशीं यंत्रें क्रमानें वाढलीं. मदतही हळूहळू कमी करीत १९८९ सालीं थांबविण्यांत आली.

उलट कॅलिफोर्नियांत करसवलत भांडवल गुंतवण्यावर होती, वीज निघाली कीं नाहीं यावर नव्हती. डोंगरमाथे चक्क्यांनीं भरले. त्यांतल्या पुष्कळ बिघडून उभ्या राहिल्या. १९८५ च्या अखेरीस केंद्रीय सवलत सरली आणि बाजार कोसळला. त्या तडाख्यांत डॅनिश कारखानेही सांपडले. वेस्टासला १९८६ सालीं देणीं थांबवावीं लागलीं. पण यंत्र करण्याची विद्या बुडाली नाहीं. १९९१ सालीं डेन्मार्कनें विंडेबी येथें समुद्रांत ४५० किलोवॅटच्या अकरा चक्क्या रोवल्या. समुद्रांतील पवनविजेचें जगांतलें तें पहिलें केंद्र. त्या चक्क्या २०१७ सालीं उतरविण्यांत आल्या.