सुवालीचा किनारा आणि नौदलाचे जन्मवर्ष

भारतीय नौदलाचा इतिहास पुष्कळदा ५ सप्टेंबर १६१२ या दिवसापासून सांगण्यात येतो. त्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीचा लढाऊ तांडा सुरतेजवळ सुवालीस येऊन दाखल झाला. तापीचे मुख उथळ, म्हणून मोठी जहाजे सुवालीच्या आडोशाच्या खोल पाण्यात नांगर टाकीत. तेथेच नोव्हेंबरअखेर कप्तान टॉमस बेस्ट याने पोर्तुगिजांच्या चार मोठ्या युद्धनौकांशी यशस्वी झुंज दिली, आणि १६१३ मध्ये सुरतेत इंग्रजांची वखार स्थिरावली.

ही जन्मपत्रिका आपण निमूटपणे मान्य करावी काय? कायद्याच्या दृष्टीने संस्थेचे सातत्य नाकारता येत नाही. तोच तांडा पुढे बॉम्बे मरीन झाला, १८३० मध्ये इंडियन नेव्ही, मधल्या काही नामांतरांनंतर १९३४ मध्ये रॉयल इंडियन नेव्ही, आणि २६ जानेवारी १९५० रोजी ‘रॉयल’ हे बिरुद गळून प्रजासत्ताकाचे नौदल. दप्तर एकच, धनी मात्र बदलत गेले. मूळ हेतू कंपनीच्या व्यापाराचे रक्षण हा होता, या देशाचे नव्हे.

परंतु वारसा केवळ दप्तराने ठरत नाही. जानेवारी १६६४ मध्ये शिवछत्रपतींनी सुरतेवर स्वारी केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मालवणास सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. हे आरमार स्वराज्याचे होते.

सुरतेचे खरे देणे आणखी निराळे. १७३६ मध्ये तेथील पारशी कारागीर लवजी नसरवानजी वाडिया मुंबईच्या गोदीत आले. त्यांचे नातू जमशेटजी यांनी १८१३ मध्ये सागवानाची ‘कॉर्नवॉलिस’ बांधली. १८४२ मध्ये तिच्याच तक्तपोशीवर पराभूत चीनला नानकिंगचा तह पत्करावा लागला. हात आमचे, हुकूम परक्याचा!

तो हुकूम कोणाचा, हा प्रश्न अखेर खलाशांनीच विचारला. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नाविक ठाण्यातून उठाव सुरू झाला आणि कराचीपर्यंत पसरला.

२ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाच्या निशाणावरील सेंट जॉर्जचा क्रूस जाऊन शिवमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. १५ जानेवारी २०२५ रोजी माझगाव गोदीत बांधलेली ‘सुरत’ ही विनाशिका सेवेत रुजू झाली. संस्थेची नोंद १६१२ ची आहे, ती तशीच राहू द्यावी. तिच्यावरील आपला हक्क मात्र गोदीतल्या सुतारांनी आणि १९४६ च्या खलाशांनी मिळविलेला आहे. मुलांना इतिहास शिकविताना ही नावेही त्या तारखेशेजारी सांगितली पाहिजेत.