झेंडूचं बी

दसऱ्याचं तोरण वाळलं तरी आमच्या मानवतच्या घरी ते फेकून देत नसत. आजी वाळकी फुलं तळहातावर चोळायची, काळं काडीसारखं बी पुरचुंडीत बांधून खुंटीला टांगायची आणि मृगाचा पाऊस झाला की अंगणात पेरायची. 'बी काय इकत आणायचं असतं का?' हे तिचं ठरलेलं वाक्य.

मला वाटायचं, हे फूल थेट रामायणापासूनचं असणार. पण झेंडू मूळचा मेक्सिकोचा! म्हणजे १४९२च्या आधी तो आपल्याकडे असणं शक्यच नाही. देवगिरीच्या यादवांचे सगळे दसरे झेंडूविनाच झाले. तिकडे ॲझ्टेक लोकांच्या भाषेत त्याचं नाव 'वीस फूल' अशा अर्थाचं होतं. नाव बरोबरच आहे, कारण आपण जिला पाकळी म्हणतो ते प्रत्येक एक वेगळं फूलच असतं. म्हणून तर एका झेंडूत इतकं बी. स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला, पोर्तुगीजांबरोबर तो इकडे आला आणि युरोपात त्याला नाव पडलं काय, तर 'आफ्रिकन मेरिगोल्ड'. असो.

बर्पी या अमेरिकेतल्या बियाणे कंपनीने १९५४ साली पांढऱ्या झेंडूसाठी १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. ते मिळालं १९७५ साली, आयोवातल्या ॲलिस वोंक या बाईंना. त्यांनी केलं एवढंच, की दरवर्षी सगळ्यात फिकट फुलाचं बी धरायचं आणि पुढच्या वर्षी तेच पेरायचं. आजीही हेच करत होती, फक्त तिला गडद केशरी हवा होता. तिला कुणी बक्षीस लावलं नव्हतं.

बाजारातला संकरित झेंडू टपोरा असतो, पण त्याचं बी पेरलं तर तसंच फूल येईल याचा भरवसा नाही. आजीचं बी मात्र तिच्यामागेही दरवर्षी तसंच येत होतं.

२०२५च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत वाफ्यात पाणी तुंबलं आणि सगळी रोपं कुजली. पुरचुंडीत मागचं बी शिल्लक ठेवलं नव्हतं, हा माझाच आळस.

आजी माहेरी आलेल्या प्रत्येक लेकीच्या पदरात ते बी बांधून द्यायची. सेलूच्या आत्या, तुम्ही हे वाचत असाल तर कळवा. तुमच्या न्हाणीमागे तो गडद केशरी झेंडू अजून उगवतो का? चिमूटभर बी पुरे.