सौदा जुळवणारा आणि घर पारखणारा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगाव हे मुळात बाजाराचे गाव. जनावरांच्या बाजारामुळे त्याचे नाव जिल्ह्याबाहेरही गेले. सौदा जुळवणारा एक आणि माल पारखणारा दुसरा, ही रीत अशा बाजारात पूर्वापार आहे. बैल घ्यायला आलेला शेतकरी गावाकडचा जाणता माणूस बरोबर आणतो. तो बैलाचा जबडा उघडून दात पाहतो: आदत आहे, दोन दाती, चार दाती की जुळलेला. खांदा चाचपतो, खूर बघतो, चालवून लंगडतो का ते पाहतो. त्यानंतर दलाल पुढे होतो आणि रुमालाखाली बोटे धरून किंमत ठरते. दलाली सौद्यावर मिळते. जाणता मात्र घेणाऱ्याच्या नात्यातला नाहीतर ओळखीतला असतो, सौदा मोडला तरी त्याचे काही बुडत नाही. खरे बोलण्याची मोकळीक त्याला यातूनच मिळते.

शेतमालाच्या बाजारात हीच विभागणी 1963 च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न बाजार कायद्याने लेखी केली. अडते, दलाल, तोलार यांचे परवाने वेगवेगळे ठरले. गूळ, मिरची विकणाऱ्याला वजन कोण करणार आणि भाव कोण बोलणार हे आधीच कळू लागले.

घरांच्या बाबतीत असे काही घडले नाही. जुन्या पेठांत घरे सहसा वाटणीने हातबदल होत. विक्री झालीच तर भाऊबंद किंवा शेजारी घेत, आणि त्यांना घराचे गुणदोष ठाऊक असत. परका गिऱ्हाईक आला की गवंडी आणि सुतार पाहणीला जात. सुतार तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकावर ठोकून पाही, कारण वाळवी आणि ओल प्रथम तिथेच लागते. बद्द आवाज आला की तुळई पोकळ समजायची. गवंडी भिंतीला ओळंबा लावी. पंचगंगा आणि वारणा यांच्या मधल्या या पट्ट्यात काळी जमीन भरपूर. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत पाया नेला नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. चुन्याने किंवा रंगाने बुजवलेली अशी भेग ओळखणे हीच गवंड्याची खरी पारख.

कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि प्रांतात लागू असलेले कायदे इकडेही आले. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या दक्षतेने न कळणारा मोठा दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. दलालाबद्दल हे कलम काही सांगत नाही.

गृहकर्जे वाढली तशी पाहणीची तऱ्हा बदलली. बँकेचा वकील साधारण तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट देतो, व्हॅल्युअर बाजारभाव काढतो. दोघांची फी कर्जदार भरतो, अहवाल बँकेकडे जातो. बँकेला तारणाची काळजी असते, गळक्या गच्चीची नव्हे. घर घेणारे पुष्कळजण व्हॅल्युएशनलाच तपासणी समजून चालतात, आणि पहिल्या पावसात त्यांना फरक कळतो.

घराचे दोष शोधून सांगायचे कोणी, हा पेच अमेरिकेत उघडपणे लढला गेला. तिथे 1976 मध्ये घर-तपासनिसांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. 1984 मध्ये कॅलिफोर्नियातील ईस्टन विरुद्ध स्ट्रासबर्गर खटल्यात न्यायालयाने सांगितले की, एजंटाने घराची वाजवी पाहणी करून आढळलेले दोष गिऱ्हाइकाला सांगितलेच पाहिजेत. साहजिकच तपासनीस बोलावण्याची शिफारस करणे एजंटांना सोयीचे झाले. त्यातून नवी अडचण उभी राहिली: पुढची कामे एजंटाकडूनच मिळणार असतील तर तपासनीस सौदा मोडणारे दोष लिहील का? मॅसॅच्युसेट्स राज्याने 2001 मध्ये विक्रेत्याच्या एजंटाला ठरावीक तपासनिसाचे नाव सुचवण्यास मनाई केली.

महाराष्ट्रात 2016 चा रेरा हा स्थावर संपदा नियमनाचा कायदा आला आणि 1 मे 2017 पासून महारेरा या त्याच्या राज्यातील प्राधिकरणाचे काम सुरू झाले. नोंदणीकृत प्रकल्पात घरे विकून देणाऱ्या एजंटाला नोंदणी लागते. त्याच्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षेचा आदेश 2023 मध्ये निघाला. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निदर्शनास आणला तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा आहे. घर तपासणाऱ्यासाठी मात्र असा परवाना नाही की परीक्षा नाही. शिवाय 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प नोंदणीतून वगळलेले आहेत, आणि लहान शहरातली बांधकामे बहुधा याच मापाची असतात.

जुन्या घराच्या फेरविक्रीलाही एजंटाची ही नोंदणी लागत नाही. तिथे ओळखीचा गवंडी किंवा सिव्हिल इंजिनिअर पाहणीला येतो. अनेकदा तो एजंटानेच आणलेला असतो. एजंटाला दोन्ही बाजूंकडून सहसा एक-दोन टक्के कमिशन मिळते. पाहणी कोणी करायची आणि तिचे पैसे कोणी द्यायचे, हे विसार देण्यापूर्वी तोंडीच ठरते. साठेखतात त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो.